दोघांचा सारखाच रिपोर्ट

१२ जानेवारी

डॉक्टरांनी रोज काय खाल्लं ते लिहायला सांगितलंय, म्हणून ही डायरी. आज: दोन भाकऱ्या, मेथी, वाटीभर डाळ. झालं. एवढ्याने पान भरत नाही आणि पान कोरं सोडणं माझ्या जिवावर येतं, त्यामुळे बाकीचंही लिहितो.

ऑफिसच्या तपासणीत मला फॅटी लिव्हर निघालं. चाळिशी उलटलेल्या आमच्या निम्म्या स्टाफला निघालं, म्हणून मला काही विशेष वाटलं नाही. मी लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहे. दिवसभर लोकांच्या लिफ्ट चालू ठेवायच्या आणि मधल्या वेळात वडापाव हाणायचा, दुसरं काय होणार. पण त्याच आठवड्यात प्रांजलच्या पोटात दुखत होतं म्हणून तिची सोनोग्राफी केली, तर तिच्याही रिपोर्टवर तेच शब्द. प्रांजल माझी थोरली, तेरा वर्षांची, आठवीत आहे. अंगाने माझ्यावर गेलीय. धाकटी दिशा आईसारखी काटकुळी.

मिठागर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. रक्तातला लिव्हरचा आकडा माझ्यापेक्षा तिचा बराच मोठा होता. ती लगेच म्हणाली, "बघ बाबा, इथे पण मीच जिंकले." कॅरममध्ये ती मला हरवते हे डॉक्टरांना माहीत आहे, त्यामुळे तेही हसले. तळलेलं बंद, गोड बंद, रोज चालायचं. आम्ही उठलो तसे ते म्हणाले की पोरीला एकदा लहान मुलांच्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा, मुलांचं आपल्यासारखं नसतं. मी हो म्हणालो. पण आत्ता नेऊन काय दाखवायचं? आधी तीन महिने कडक पथ्य करू, आकडे खाली आणू, मग ऐटीत जाऊ.

१९ जानेवारी

घरात फर्मान निघालंय. काढणारी प्रांजल. सकाळी सहाला माझं पांघरूण ओढते. नवघर रोडने देशमुख उद्यानापर्यंत जायचं, आत फेऱ्या मारायच्या आणि परत. पहिल्या दिवशी मी दुसऱ्याच फेरीला बाकावर बसलो, तर ही समोर कमरेवर हात ठेवून उभी. आजूबाजूचे म्हातारे हसत होते.

बायको, माधुरी, म्हणते, बापलेकीला एकच आजार झालाय ते बरंच झालं, एकाच तव्यावर दोघांचं भागतं. तिचंही खरं आहे. घाटकोपरला शाळेच्या ऑफिसात नोकरी, त्यात दोन वेगळी पथ्यं कोण सांभाळणार. तेल दोघांचं बंद, साखर दोघांची बंद. चार वाजताच्या भुकेला दोघांना अक्रोड. मटणाऐवजी शिंपल्या, म्हणजे आमच्या तिसऱ्या. मालवणी माणसाला यापेक्षा गोड शिक्षा नसेल.

२ फेब्रुवारी

कुडाळहून चुलतभाऊ आला होता. त्याला सांगून गावच्या घरातली तांब्याची कळशी मागवली. माझी आजी आयुष्यभर त्यातलंच पाणी प्यायली आणि नव्वदीपर्यंत ताठ चालली. लिव्हर साफ करायला तांब्यातल्या पाण्यासारखं दुसरं काही नाही, हे आमच्या ऑफिसातही सगळे सांगतात. कळशी काळीठिक्कर पडली होती. प्रांजलने बाथरूममध्ये बसून आमसुलं चोळून ती अशी लख्ख केली की स्वयंपाकघरात उजेड वाढला. रात्री भरून ठेवायची, सकाळी अनशापोटी दोघांनी दोन-दोन भांडी प्यायची.

तिला चव आवडत नाही. नाक दाबून पिते. पण पिते, कारण मी पितो.

२३ फेब्रुवारी

आज पकडला गेलो. पाचरस्त्याला वडापाव खाताना ही क्लासवरून येत होती. घरी येऊन माझ्या हातात डायरी दिली आणि म्हणाली, लिही. लिहितो: वडापाव एक. (दोन.)

आता थोडं कॅरमचं. एप्रिलमध्ये सबज्युनिअरची स्पर्धा आहे. मी स्वतः तरुणपणी मंडळाकडून खेळायचो, फार पुढे गेलो नाही. पण प्रांजलचं बोट देवाने दिलेलं आहे. पाच वर्षांची असताना पाटावर बसवून मी तिच्या हातात स्ट्रायकर दिला आणि तिने पहिलीच सोंगटी अशी घातली की मी माधुरीला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. नेहमी एकच सांगत आलोय, स्ट्रायकरकडे बघायचं नाही, बोटाकडे बघायचं नाही, नजर सोंगटीवर. हात आपोआप जातो.

हल्ली मात्र तिचा नेम चुकतो. सरळ सोंगटी, समोरचं पॉकेट, डोळे मिटून जायला हवी अशी, आणि कडेला लागून परत येते. ध्यान नाही.

९ मार्च

तिला हलका स्ट्रायकर आणून दिला. जडने हात दमत असेल असं वाटलं. दोन दिवस बरं गेलं, परत तेच. पावडर टाकतानाही बोर्डभर सांडते.

शाळेतून बाईंचा फोन आला होता. अक्षर फार बिघडलंय, मार्क उतरलेत, वर्गात विचारलं की रडते. माधुरी म्हणते वयच तसं आहे. मी म्हणतो मोबाईल. दोघांचंही बरोबर असेल. मोबाईल काढून घेतला. ती भांडली नाही याचंच आश्चर्य वाटलं.

आनंदाची बातमी: माझा पट्टा एक भोक आत गेला.

३० मार्च

तीन महिने होत आले. मोठ्या डॉक्टरांकडे जायचं माधुरीने काढलं. मी म्हणालो स्पर्धा होऊन जाऊ दे, पोरीच्या डोक्याला आत्ता हॉस्पिटल नको. तिचंही वजन उतरतंय, चेहरा छान लहान झालाय. शेजारच्या मनालीताई परवा लिफ्टमध्ये तिला म्हणाल्या, काय गं हिरॉइन, काय खातेस? ती नुसती हसली. पूर्वी असं कुणी म्हणालं असतं तर घरी येऊन चार वेळा आरशात बघितलं असतं तिने.

२० एप्रिल

पहिल्याच फेरीत हरली. समोरची मुलगी नवखी होती, बोर्डावर बसायची पद्धतसुद्धा माहीत नव्हती तिला. प्रांजलने राणी घातली आणि कव्हरची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी होती. फुंकर मारली असती तरी गेली असती. हिचा स्ट्रायकर तिला लागलाच नाही. राणी परत बोर्डावर. मागे बसलेले दोघं हसले, ते मी ऐकलं.

रिक्षात मी बरंच बोललो. तुला खेळायचंच नसेल तर तसं सांग, मी माझे रविवार फुकट घालवणार नाही. ती बाहेर बघत म्हणाली, "बाबा, मी बरोबरच मारते. हात मधेच हलतो."

"हात आपोआप हलत नसतो," मी म्हणालो. "लक्ष हललं की हलतो."

घरी येऊन तिने बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला. ठेवू दे. चार दिवसांत स्वतःच काढेल.

१८ मे

बोर्ड अजून तसाच आहे. मीही काढलेला नाही. कुणीतरी आधी बोलायला हवं आणि ते दोघांपैकी कुणालाच जमत नाही. या बाबतीतही माझ्यावरच गेलीय.

चालायला मात्र येते. पांघरूण ओढायचं काही सोडलेलं नाही. पण आता मी पुढे असतो आणि ती मागे. उद्यानात एक फेरी मारते आणि बाकावर बसून राहते, मी समोरून गेलो की हात वर करून बोटांनी फेऱ्यांचा आकडा दाखवते. आज म्हणालो, जानेवारीत मी बसायचो आणि तू ओरडायचीस, आता बघ. म्हणाली, "तू चाल ना. मी मोजते."

आळशीपणा, दुसरं काय.

१५ जून

माझी सोनोग्राफी नॉर्मल! आयुष्यात पहिल्यांदा पास झाल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या माणसाच्या लिव्हरला संधी दिली की ते असं माघारी येतं, तुम्ही दिलीत. मी म्हणालो, मी नाही दिली, पोरीने दिली. त्यांनी तिची तपासणी झाली का, त्या डॉक्टरांकडे नेलंत का, असं विचारलं. शाळा नुकतीच सुरू झालीय, पुढच्या महिन्यात नक्की, असं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

घरी येऊन रिपोर्ट प्रांजलच्या हातात दिला. वाचता वाचता कागद थरथरत होता. पोरीला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. म्हणाली, आता तू मरणार नाहीस ना? म्हणजे एवढे महिने हिच्या डोक्यात हे होतं. मी तिला जवळ घेतली. खांद्याची हाडं लागली हाताला.

६ जुलै

आज भांडण. तिचे पाय सुजलेत आणि पोट पुढे आलंय. बाकी सगळी सुकलीय आणि पोट तेवढं वर. दप्तरात वेफर्सचं रिकामं पाकीट सापडलं. मी म्हणालो आमच्यासमोर नाक दाबून पाणी पितेस आणि बाहेर हे धंदे करतेस. ती म्हणाली ते दिशाचं आहे. दिशा म्हणाली हो माझं आहे. मला वाटलं बहीण बहिणीला वाचवतेय.

प्रांजल बोलायला लागली की शब्द जड येतात हल्ली, तोंडात काही असल्यासारखे. मी म्हणालो नीट बोल. त्यावर ती उठून आत गेली.

रात्रीपासून दोनऐवजी तीन भांडी पाणी प्यायचं, असं मी ठरवून टाकलं.

९ जुलै

सकाळी तिची वेणी घालताना माधुरी थांबली. मला हाक मारली, पण वेगळ्याच आवाजात. खिडकीपाशी नेऊन प्रांजलचा चेहरा उजेडात धरला. डोळे हळदीसारखे पिवळे.

डॉक्टरांनी तिला झोपवलं, पोटावर बोटं वाजवून बघितली आणि तिथूनच परळच्या हॉस्पिटलला फोन लावला. आम्हाला म्हणाले, घरी जाऊ नका, इथूनच टॅक्सी करा. कपड्यांची पिशवी घ्यायला जाऊ का विचारलं, तर नाही म्हणाले.

१० जुलै

काय ऐकलं ते लिहून ठेवतो. माधुरीला परत परत सांगावं लागतंय आणि दर वेळी मीच चुकतोय.

लहान मुलांच्या लिव्हरच्या डॉक्टर, मीरा मॅडम. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी प्रांजलला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. हात फडफडत होते. एवढे. मी रोज त्याच हातांसमोर बसत होतो. मग दिव्यासमोर डोळे तपासले. बुबुळाच्या कडेने तपकिरी कडं आहे, मलाही दाखवलं. त्यांनी विचारलं, अक्षर बदललं का? बोलणं? रडते का? मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो. कधीपासून, असं विचारलं. फेब्रुवारीपासून, मी म्हणालो. हे सगळं माझ्याकडे तारीखवार लिहिलेलं आहे.

अन्नातून येणारं तांबं शरीराने बाहेर टाकायचं असतं. हिच्या शरीराला ते जन्मापासून जमतच नाही. ते लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत जातं. सुरुवातीला सोनोग्राफीत ते साध्या फॅटी लिव्हरसारखंच दिसतं.

मी म्हणालो, पण माझाही रिपोर्ट असाच होता मॅडम. अगदी असाच.

त्या म्हणाल्या, "शब्द सारखे होते. मोठ्या माणसाचं बहुतेक खाण्याबसण्याचं असतं. मुलांमध्येही बऱ्याच जणांचं तेच असतं, पण मुलाचं तेवढंच आहे असं धरून चालत नाही. मागे आणखी काही आहे का ते आधी शोधावं लागतं."

मग विचारलं की घरी पाणी कशात ठेवता.

प्रांजल कॉटवरून म्हणाली, हळूहळू, एकेक शब्द उचलत, "तांब्याच्या कळशीत. बाबाने गावाहून आणली. मी घासते."

मॅडम काही क्षण काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, कळशीने हा आजार झालेला नाही. तुम्हा दोघांकडून एकेक बिघडलेला जनुक तिला मिळाला, तुमचा कुणाचा दोष नाही. पाणी बंद करा. अक्रोड, तिसऱ्या, तेही. त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं हे कळलं मला. पण बोलायच्या आधी त्या थांबल्या होत्या.

११ जुलै

गोळ्यांची वेळ गेली, असं सांगितलं. वेळेत कळलं असतं तर नुसत्या गोळ्यांवर मूल मोठं होतं, लग्न होतं, म्हातारपण येतं. आता लिव्हर बंद पडत चाललंय आणि रक्तातल्या पेशीही फुटायला लागल्यात. दुसरं लिव्हर बसवायचं, तेही एक-दोन दिवसांत. घरातल्या कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा चालतो. माधुरीचा रक्तगट जुळत नाही. माझा जुळतो.

सह्या केल्या. रक्त दिलं. दुपारी स्कॅन झाला. प्रांजल दिवसभर झोपेत. हाक मारली की डोळे उघडते, दिशाला बोलाव म्हणते, दिशा समोरच बसलेली असते.

देणाऱ्याची तपासणी करणारे डॉक्टर वेगळे असतात. ते स्कॅन बघत म्हणाले की लिव्हर एकदम साफ आहे, पूर्वी कधी त्रास होता का? मी सांगितलं, जानेवारीत फॅटी होतं, मोठं होतं. ते म्हणाले, मग तेव्हा आला असतात तर तुम्हाला परत पाठवलं असतं. चांगली मेहनत घेतलीत.

मी धावत तिच्याकडे गेलो. हलवून जागं केलं. सिस्टर रागावल्या. म्हटलं, "प्रांजू, माझं लिव्हर पास झालं. तुला माझं बसवणार."

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "जाड आहे?"

"आता नाही. तू चालवलंस ना मला."

"फेऱ्या पूर्ण केल्यास?"

"केल्या."

हसली. दातांच्या कडांना रक्त होतं. उद्या सकाळचं ऑपरेशन आहे. आज रात्रीपासून मला खायचं-प्यायचं बंद. मला भूक नाहीच. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी बरोबर होणार आहे. माधुरीचा हात धरून बसलो होतो, तीही हेच म्हणाली.

१२ जुलै

मला कपडे बदलून स्ट्रेचरवर घेतलं होतं. हातात सुई टोचलेली. छताकडे बघत होतो. मग मीरा मॅडम स्वतः आल्या आणि स्ट्रेचरच्या कडेला हात ठेवून उभ्या राहिल्या. हिरवे कपडे, पण मास्क खाली ओढलेला. तो खाली का आहे असं माझ्या मनात आलं.

मेंदूला सूज आलीय. डोळ्यांवर उजेड पाडला तर बाहुल्या हलत नाहीत. आता लिव्हर बसवून उपयोग नाही.

मी म्हणालो, तुम्ही काढून तर घ्या. मी तयार आहे, उपाशी आहे. लागलं तर सगळं घ्या.

त्यांनी माझ्या हातातली सुई स्वतः काढली.

१४ जुलै

प्रांजल गेली.

२७ जुलै

लोक येतात, बसतात. प्रत्येकाला सांगावं लागतं. काय झालं होतं? लिव्हरचं. एवढ्या लहान मुलीला? आमच्या ह्यांना पण फॅटी लिव्हर आहे हो, काही होत नाही, असं एक बाई म्हणाल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

माधुरी माझ्यावर ओरडत नाही. मी वाट बघतोय. काल कळशी कट्ट्यावर दिसली नाही. तिने कुणाला तरी देऊन टाकली असेल. मी विचारलं नाही.

सकाळी सहाला जाग येते. पांघरूण अंगावरच असतं.

३ ऑगस्ट

या डायरीची मागची पानं वाचली. वाचायला नको होती. ‘हात मधेच हलतो.’ तिने स्पष्ट मराठीत सांगितलं होतं आणि मी ते माझ्या हाताने लिहून ठेवलं होतं. लिफ्ट जराशी घसरली तरी मी शाफ्टमध्ये उतरतो, दोर बघतो, ब्रेक बघतो, लिफ्टला कधी म्हणत नाही की तुझं लक्ष नाही. पोरीला म्हणालो.

आज माधुरीला म्हणालो, मी मारलं तिला. ती तांदूळ निवडत होती. खडे काढत काढत म्हणाली, "मी पण तेच पाणी भरत होते ना रोज रात्री." आम्ही दोघं रडलो. मग तिने तांदूळ धुवायला घेतले.

१० ऑगस्ट

मीरा मॅडमचा फोन आला. त्यांनी त्याच दिवसांत सांगितलं होतं म्हणे, मला आठवत नाही. सख्ख्या भावंडांमध्ये हा आजार असू शकतो, दिशाची तपासणी करायची आहे.

दिशा आठ वर्षांची आहे. खेळते, धावते, तोंड बंद नसतं. तिला काही झालेलं नाही. तिला काहीही झालेलं नाही. पण यावेळी पुढच्या महिन्यात असं मी म्हणालो नाही. उद्याच जातोय.

२२ ऑगस्ट

दिशालाही आहे.

मॅडमनी आधी आम्हाला खाली बसवलं. माधुरी खुर्ची सोडून जमिनीवरच बसली. मग मॅडम सांगायला लागल्या. लिव्हरला अजून फार काही झालेलं नाही. डोळ्यात कडं नाही. हात स्थिर आहेत. आजपासून औषध सुरू करू, जन्मभर रोज घ्यायचं, एकही दिवस सोडायचा नाही. तसं केलं तर ही मोठी होईल, म्हातारी होईल.

माधुरीने विचारलं, खरं सांगता? त्या म्हणाल्या, खरं. मोठी आधी आली म्हणून ही वेळेत आली.

मला हसू आलं की रडू ते कळलं नाही. बाहेर पॅसेजमध्ये एका अनोळखी माणसाने मला पाणी दिलं. प्लास्टिकच्या ग्लासात होतं.

३१ ऑगस्ट

यंदा गणपतीला गावी गेलो नाही.

दिशाची गोळी सकाळी अनशापोटी असते, नंतर तासभर काही खायचं नाही. भूक भूक करते, म्हणून तिला घेऊन चालायला जातो. नवघर रोड, उद्यान, परत. प्रांजल बसायची त्या बाकापाशी आलं की दिशा जरा पळतच पुढे जाते. मीही.

आज तिने विचारलं, "ताईला ही गोळी का नाही दिली?"

मी म्हणालो, "आम्हाला माहीत नव्हतं."

"ताईला माहीत होतं?"

"तिने सांगितलं होतं," मी म्हणालो. "मला कळलं नाही."

तिने माझा हात धरला आणि पुढच्या वळणावर सोडून दिला. मुलांना एवढंच पुरतं बहुतेक.

५ ऑक्टोबर

दिशाचे आकडे खाली आलेत. ठणठणीत आहे. मॅडम म्हणाल्या, तुमचंही चालणं चालू ठेवा. हो म्हणालो. माझं लिव्हर अगदी उत्तम आहे. जिच्यासाठी होतं तिला लागलं नाही आणि आता ते मला बाळगायचंय.

दुपारी आतल्या खोलीतून आवाज आला म्हणून गेलो. दिशाने भिंतीकडे वळवलेला बोर्ड एकटीने ओढून जमिनीवर आडवा केला होता. पावडरचा डबा सापडला होता, ताईचा हलका स्ट्रायकरही. सोंगट्या चुकीच्या मांडल्या होत्या. दाराशी माधुरी उभी होती. ती थांबवेल असं वाटलं, पण ती आत येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"बाबा, शिकव ना," दिशा म्हणाली.

मी समोर बसलो. राणी मधे ठेवली, बाकीच्या भोवती लावून दिल्या. तिने स्ट्रायकर पट्टीवर ठेवला, बोट मागे घेतलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कुठे बघायचं? सोंगटीकडे ना? ताई सांगायची."

"हो. तू सोंगटीकडे बघ."

तिने मारलं. सोंगटी गेली की नाही ते मला माहीत नाही. मी तिच्या बोटाकडे बघत होतो.